टीव्हीच्या मागे काय काय असतं

दिल्लीत दोन गोष्टी कोणी न आणता घरात साठतात. टीव्हीच्या मागची धूळ आणि आमच्या मराठी मंडळाचे किस्से. मी गेले होते धूळ काढायला, परत आले किस्से घेऊन.

झालं असं, की गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये ऐन आरतीत अँप्लिफायरमधून धूर यायला लागला. लोकांना वाटलं, धूप आहे! त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. तन्मयनं धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून सगळे सुखरूप घरी गेलो.

तन्मय माझा कॉलेजपासूनचा मित्र. जन्म दिल्लीचा, मराठी घरापुरतं. मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर, नोकरी नोएडात. त्या दिवशी मी ठरवलं, मंडळातल्या प्रत्येक घरी जायचं आणि टीव्हीचा कोपरा तपासायचा. वायरी, प्लग, स्पीकर, सगळं!

तन्मय म्हणाला, "यार, संडेला लोक झोपतात."

"जळाले की कायमचे झोपतील," मी म्हटलं. तो टॉर्च घेऊन आला.

*

पहिलं घर केळकर काकूंचं. काकूंचा क्रोशाचा हात इतका चांगला, की घरात उघडी वस्तू म्हणून दिसत नाही. टीव्हीला कव्हर, सेट-टॉप बॉक्सला कव्हर, वायफायच्या डबीलाही टोपरं! बॉक्सला हात लावला तर चटका बसला.

"काकू, याला हवा लागते. गुदमरतोय तो."

"अगं, दिल्लीची थंडी काय असते! आपण स्वेटर घालतो, मग त्याला नको?"

मी अर्धा तास बोलले. उष्णता कशी साठते, आतले भाग कसे खराब होतात, आग कशी लागते. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं, मान डोलावली, कव्हर काढून घडी करून ठेवलं. मी जिंकल्याच्या थाटात जिना उतरले.

पुढच्या आठवड्यात सहज डोकावलो. बॉक्सवर नवं कोरं कव्हर!

"हवा जाते आता," काकू अभिमानानं म्हणाल्या. "जाळीचा टाका घातलाय!"

*

आता देव काका. यांच्यामुळे माझी झोप उडाली होती, म्हणून यांच्याबद्दल नीट सांगते.

देव काका आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, केंद्र सरकारात अधिकारी, निवृत्तीला आलेले. राहतात सरकारी क्वार्टरमध्ये. मुलगी-जावई दोघंही नोकरीवर, त्यामुळे दोन वर्षांची नात ईरा दिवसभर आजी-आजोबांकडे. ईरा चालत नाही, चढते. सोफ्यावर, खुर्चीवर, आजोबांवर. आणि त्यांचा भला मोठा टीव्ही खिडकीजवळच्या ड्रॉवरवाल्या शोकेसवर नुसता टेकवलेला. एक धक्का बसला, की सरळ पोरीच्या अंगावर!

"काका, हा आजच्या आज भिंतीला लावायचा. चार भोकं पाडायची, बस."

काका असे दचकले, जणू मी दरोडा घालायला सांगितला.

"मुग्धा, ही भिंत माझी नाही. सरकारची आहे. परवानगीशिवाय मी तिला खिळासुद्धा मारलेला नाही."

खरंच! अख्ख्या घरात एक फोटो नव्हता भिंतीवर. सगळे पूर्वज शोकेसमध्ये रांगेत उभे.

"मग परवानगी मागा ना!"

"मागितली आहे. येईल."

"आणि तोवर ईरा चढली तर?"

"तोवर मी बघतो आहे," काका म्हणाले आणि विषय संपला. त्यांचा संपला. माझा नाही. मी दर रविवारी जाऊन तेच विचारायचे. देव काकू आतून ओरडायच्या, "आली बघा तुमची इन्स्पेक्टर!"

*

शेख काका मूळचे साताऱ्याचे, तिसाव्या वर्षी दिल्लीत आले ते इथलेच झाले. त्यांच्याकडे कडाक्याच्या थंडीत गेलो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर टीव्ही, होम थिएटर, इन्व्हर्टरचा चार्जर आणि रूम हीटर! वर बोर्ड गालिच्याखाली, "दिसू नये म्हणून."

"काका, हीटर या बोर्डावर नाही चालत!"

"अगं, सहा पॉइंट दिलेत ते काय नुसते बघायला?"

मी गालिचा उचलला. बोर्डाची एक बाजू वितळून गालिच्याला चिकटली होती. काकांचा चेहरा उतरला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या चाचींनी, तोंडावर हात ठेवला. आणखी एक-दोन थंड रात्री गेल्या असत्या तर... पण नाही गेल्या! तन्मयनं बोर्ड काढून थेट कचऱ्यात टाकला.

"आता नवी लाइन ओढेपर्यंत एका वेळी एकच," मी बजावलं. "टीव्ही किंवा हीटर."

चाची लगेच म्हणाल्या, "मग टीव्हीच असू दे. मॅच सुरू झाली की यांचं डोकं तापतं, खोली आपोआप गरम होते!"

*

त्याआधीचा, खंडेनवमीचा किस्सा तर तन्मयच्या घरचा! म्हणजे जो मुलगा माझ्याबरोबर गावभर ज्ञान वाटत फिरत होता, त्याच्याच.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. तन्मयच्या आईंनी मिक्सर, शिलाई मशीन आणि होम थिएटर ओळीनं मांडलं. हळदीकुंकू वाहिलं, झेंडू बरोबर हवेच्या फटींवर ठेवले आणि फुलानं पाणी शिंपडलं. होम थिएटर चालू होतं, कारण त्यावरच सनई लागली होती!

"आई, पहले स्विच तरी ऑफ कर!"

"पूजेच्या वेळी कोणी सनई बंद करतं का?"

पाणी आत गेलं. फट्! घरभर अंधार. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच आम्ही नुकताच त्यांच्याकडे बसवून घेतला होता, त्यानं काम केलं. आमच्या जिवात जीव आला.

अंधारातून आईंचा समाधानी आवाज आला, "पावला गं बाई, लगेच पावला!"

*

एकदा भर दुपारी देव काकूंचा फोन. रडत होत्या. "स्पीकरच्या छोट्या रिमोटमधली चपटी बॅटरी सापडत नाही गं. ईरानं गिळली असेल का?"

हे मीच त्यांना सांगितलं होतं, की ती बटणाएवढी बॅटरी पोटात गेली तर क्षणभरही थांबायचं नाही. ऑफिस टाकून धावले. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. काका कॉरिडॉरमध्ये उभे, ईराचा एक बूट हातात धरलेला.

एक्स-रे स्वच्छ! पोरगी मजेत बिस्किट मागत होती. काकू भिंतीला टेकून रडल्या, मीही थोडी रडले.

घरी आल्यावर काकांनी रक्तदाबाची गोळी घ्यायला डबी उघडली. गोळ्यांमध्ये बॅटरी!

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "रिमोट बंद पडला तेव्हा मीच ठेवली. म्हटलं, हरवायला नको!"

काकांनी बॅटरी उचलून चष्म्याजवळ धरली. "म्हणजे आत्ता मी चालू झालो असतो."

*

संक्रांतीला आमचं मंडळ पानिपतला जातं, काला अंबला. तिथं लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायचा, ही आमची दर वर्षीची रीत. आणि देव काकांचा भगवा फेटा ही त्याहून कडक रीत! फेट्याच्या कापडाला ते स्वतः इस्त्री करतात, काकूंनाही हात लावू देत नाहीत. बसमध्ये मान सीटला टेकवत नाहीत. एका वर्षी तन्मय टोपी घालून आला, तर त्याला सगळ्यांसमोर झापला होता, "पानिपतावर असं यायचं?"

आणि या वर्षी काका स्वतः बोडके! कानाला मफलर गुंडाळलेला. अख्खी बस वळून बघायला लागली.

"काका, फेटा?" मी विचारलं.

"धुवायला टाकलाय."

"इस्त्रीचा फेटा ऐन संक्रांतीला कोण धुवायला टाकतं यार?" तन्मय माझ्या कानात पुटपुटला.

काकू म्हणाल्या, "मलाही तेच सांगितलंय. कुठल्या धोब्याकडे, ते सांगत नाहीत!"

*

त्यानंतरच्या एका रविवारी तन्मयनं करोल बागेतल्या गाडीच्या सामानाच्या दुकानातून एक जाड पट्टा आणला. टपावरचं सामान बांधतात ना, तसला. तो घेऊन आम्ही देव काकांकडे धडकलो. परवानगी अजून आलेली नव्हतीच.

चहा समोर होता आणि मी तावातावानं बोलत होते. नियम मोठा की पोर? सरकारची भिंत महत्त्वाची की ईराचं डोकं? काका कपाकडे बघत ऐकत होते. तन्मय मला कोपरानं ढोसत होता, की जरा हळू. आणि आमच्यातल्या एकाचंही लक्ष नव्हतं, की ईरानं शोकेसचा खालचा ड्रॉवर ओढला, मग त्याच्या वरचा, आणि पायऱ्या चढावं तशी ती चढली.

"आबा, बघ!"

आम्ही वळलो. तिचे दोन्ही हात टीव्हीच्या वरच्या कडेवर. तिनं पूर्ण भार टाकला होता. टीव्ही पुढे झुकला. माझा कप पडला, मी धावले, पण मधे टीपॉय होतं आणि मला कळलं, की मी पोचणार नाही.

टीव्ही झुकला आणि झुकलेलाच थांबला.

ईरा लोंबकळत हसत होती. काकांनी दोन ढांगांत जाऊन तिला उचललं. काकू हातात झारा घेऊन बाहेर आल्या आणि जागच्या जागी खाली बसल्या. तन्मयनं खिडकीचा पडदा सरकवला. टीव्हीच्या स्टँडला वेढे घालून, पिळून, खिडकीच्या लोखंडी ग्रिलला गाठीवर गाठ मारून घट्ट ताणलेलं होतं भगवं कापड.

"अहो," काकू म्हणाल्या, "हा धोब्याकडे होता ना?"

काका ईराला छातीशी धरून उभे होते. तिचा पाय त्यांच्या मुठीत.

तन्मयनं टीव्ही मागे सरळ करून धरला. मी पट्टा स्टँडमधून ओवून ग्रिलला पक्का आवळला. भिंतीला ओरखडासुद्धा नाही! मग खाली वाकून फेट्याची पहिली गाठ सोडायला घेतली. सुटेना. मी जोर लावून ओढली.

"हळू गं," काका म्हणाले, "इस्त्री मोडेल."