हिवराळे सर आणि हललेला चेंडू

आदरणीय भीमराव हिवराळे सरांची आणि माझी पहिली ओळख दहावीच्या परीक्षेच्या वर्गात झाली, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांचा संशय आला. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला समजतं. पण मला ओळखणाऱ्यांना नवल वाटणार नाही. मी जालन्यात जन्मभर गणित शिकवलं, पण लोक मला ओळखतात ते कॉपी पकडणारे मुळे सर म्हणून. मुलांच्या बाह्या, पट्टीची मागची बाजू, पाण्याच्या बाटलीवरचा कागद, सगळं मी तपासलेलं आहे. आमच्या सौ. म्हणतात, भाजीवाल्यानं स्वतःहून दिलेली कोथिंबीरही मी उलटीसुलटी करून पाहतो. पाहतोच. फुकटच्या जुडीत पिवळी पानं असतात.

तर त्या दिवशी पर्यवेक्षक म्हणून माझ्या जोडीला शाळेत नव्यानेच आलेले क्रीडाशिक्षक हिवराळे सर होते. घंटा व्हायच्या आधी ते मुलांना म्हणाले, "ज्याच्याजवळ चिठ्ठी असंल त्यानं टेबलावर आणून ठेवावी. मी तिकडं तोंड करून उभा राहतो." आणि खरोखरच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी मनात म्हटलं, हा गृहस्थ मुलांना सामील आहे. काही मुलं उठली, टेबलावर चिठ्ठ्या पडल्या. ज्यानं एक चिठ्ठी दिली त्याच्याकडे दुसरी असणार, असा माझा हिशेब. मी सगळ्या वर्गाची झडती घेतली. दोघांकडे निघाली. मी ती विजयी मुद्रेनं सरांना दाखवली, तर ते म्हणाले, "बाकीच्यांकडं न्हाई निघाली ना मुळे सर? मंग झालं तर." मला त्यांचा आणखीच संशय आला.

सर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. वडील मजुरीसाठी पुण्याला गेले, त्यांच्याबरोबर सरही गेले. तरुणपणी गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला लागले, मग खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहू लागले, आणि मग स्वतःच काठी हातात घेऊन पैशाच्या स्पर्धा खेळू लागले. पुढे पाठ दुखावली, खेळ सुटला. कामाच्या जोडीनं शिक्षण चालू ठेवलेलं होतं, त्यामुळे क्रीडाशिक्षक होऊन जालन्याला आले. हे सगळं ते सांगत. पण आमच्या शिक्षक-खोलीत पसरलेली मुख्य बातमी वेगळी होती: हिवराळे सरांनी एक मोठी व्यावसायिक स्पर्धा जिंकलेली आहे.

आता जालन्यात बियाणं कळतं, लोखंड कळतं, मोसंबी कळते. गोल्फ कुणाला कळतो? त्यामुळे खात्री करायला माणूस मिळेना. कुणी विचारलं, "सर, तुम्ही जिंकला होता ना?" की सर म्हणत, "नाव आहे माझं." कधीही "मी जिंकलो" म्हणाले नाहीत. ही भाषा मला चांगली ओळखीची होती. शेजाऱ्याचं पाहून लिहिलेल्या मुलाला "हे तू सोडवलंस का?" असं विचारलं, की तो म्हणतो, "पेपर माझाच आहे सर." पेपर त्याचाच असतो, तिथं वाद नसतो.

सुट्टीच्या सकाळी सर गावाबाहेरच्या पडीक माळावर जायचे आणि एकट्यानंच चेंडू मारायचे. काठी उचलायची, लांब बघायचं, मारायचं, चालत जायचं, थांबायचं, पुन्हा लांब बघायचं. एकदा मी पाळतीवर, म्हणजे सहज फिरायला गेलो होतो, तर शेजारच्या शेतातले एक काका धावत आले आणि सरांना म्हणाले, "साहेब, मोजणी करून राह्यले का? आमचं रान जातंय का रस्त्यात?" सर म्हणाले, "न्हाई हो काका, खेळून राह्यलो." काकांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी माळावर निम्मं गाव सातबारे घेऊन हजर. शेवटी सरांना त्या सगळ्यांच्या हाती आळीपाळीनं काठी द्यावी लागली, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली की, इतक्या निरुपयोगी वस्तूनं सरकार जमीन मोजणार नाही.

सरांच्या मूल्यांबद्दल लिहा, अशी संपादकांची सूचना आहे. मूल्यं म्हणजे कबड्डीचा तो सामना. सरांनी शाळेच्या संघाला एकच नियम घालून दिला होता: चढाई करणाऱ्याचा हात आपल्याला लागला, की पंचाच्या शिट्टीआधी आपणच हात वर करायचा. तालुक्याच्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाच्या शेवटच्या चढाईला आमचा कप्तान, वाटूरचा सुदाम खरात, बचावाला उभा होता. पंचाला काही दिसलं नव्हतं. सुदामनं हात वर केला आणि म्हणाला, "लागला मला." आम्ही हरलो. मुख्याध्यापक संतापले, पालक म्हणाले, सामना विकला. मीही आपल्या परीनं चौकशी केली, पण काही हाती लागलं नाही.

पण मला खटकलं ते पुढचंच. स्वतः हा नियम शिकवणारे हिवराळे सर त्यानंतर कितीतरी दिवस सुदामला गाठून विचारत, "खरं सांग सुदाम, लागल्ता का? का माझ्यासाठी हात वर केला?" पोरगं वैतागून म्हणायचं, "लागल्ता सर, किती बार सांगू?" मला वाटलं, हा काय प्रकार आहे? मुलांनी खरं बोलावं म्हणून धडपडणाऱ्या माणसाला मुलगा खरं बोलला तर झोप का लागू नये? ही गोष्ट मी मनाच्या कोपऱ्यात ठेवून दिली. मी असल्या गोष्टी टाकत नाही.

वैयक्तिक जिव्हाळ्याचंही लिहायला हवं. आमच्या सौ. आजारी पडल्या आणि दवाखान्यात होत्या, तेव्हा सर आणि वहिनी रोज मस्तगडच्या आमच्या घरी येऊन माझ्या म्हाताऱ्या आईजवळ बसत, आणि डबा घेऊन दवाखान्यात येत. वहिनींच्या हातची ज्वारीची भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी. मी ती खाताना विचार करायचो, यांना माझ्याकडून काय हवं असेल? वेळापत्रकात मैदानाचा तास वाढवून? मुलाला गणिताची शिकवणी? सौ. बऱ्या होऊन घरी आल्या, सर निवृत्त झाले, मीही झालो. त्यांनी अजून काही मागितलेलं नाही. मी वाट पाहतो आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सरांना पंचाहत्तरावं लागलं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी गौरव समिती केली. अध्यक्ष अर्थात सुदाम. आता वाटूर फाट्यावर त्याचं हॉटेल आहे आणि तालुक्यात शब्दाला वजन आहे. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा त्यानं सरांना दाखवला. त्यावर नावाखाली 'व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचे माजी विजेते' असं छापायचं होतं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "तेवढं काढा."

सुदाम त्याच पावली माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "सर, आमी लहानपणापून सांगत आलो, आमचे सर चॅम्पियन हायेत म्हून. आता काढलं तर लोक म्हणतील, सगळं झूट व्हतं. अन् ठेवलं अन् खोटं निघालं तर हसू व्हईल. धावड्याच्या माणसानं कुटं गोल्फ जिंकलाय, असं म्हणणारे आधीच टपून बसलेत. तुमी छडा लावा. तुमी म्हणलात खरं, तर कुनी बिलकुल तोंड उघडणार न्हाई."

म्हणजे माझा संशयी स्वभाव पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगाला येत होता. मी होकार दिला.

त्या स्पर्धेची एक पद्धत आहे. दर वर्षी खेळ सुरू व्हायच्या आधी हयात असलेल्या सगळ्या माजी विजेत्यांना बोलावतात, आणि ज्या क्रमानं ते जिंकले त्या क्रमानं प्रत्येकजण एकेक चेंडू मारतो. सरांच्या म्हणण्याप्रमाणे हे आमंत्रण त्यांना दर वर्षी येत होतं आणि ते एकदाही गेले नव्हते. या वर्षी जायचंच म्हणून सुदाम हटून बसला. शेवटी त्याच्याच गाडीतून आम्ही तिघं पुण्याला गेलो.

हिरवळ इतकी, की मला वाटलं गालिचा अंथरलाय. वाकून हात लावून पाहिला. गवतच होतं. म्हातारे विजेते ओळीनं उभे राहिले. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, टाळ्या होत होत्या. आणि मग पुकारलं गेलं, "भीमराव हिवराळे." सर पुढे झाले. पंचाहत्तरीच्या माणसानं काठी उचलली आणि चेंडू असा गेला, की तो कुठे पडला ते मला दिसलंच नाही. सुदामनं डोळे पुसले. नाव खरं होतं, स्पर्धा खरी होती. माझं काम तिथंच संपायला हवं होतं. पण मला उलट जास्तच संशय आला. खरा विजेता असलेला माणूस 'तेवढं काढा' का म्हणतो?

उत्तर चहाच्या टेबलावर मिळालं. दिनकरराव थोपटे नावाचे एक उंच, किडकिडीत गृहस्थ सरांजवळ येऊन बसले. तेही माजी विजेते, सरांच्या आधी जिंकलेले. दोघं एकेकाळी पुण्यात एकाच खोलीत राहत होते. त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली, "आलास एकदाचा." सर हसले नाहीत. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "दिनकर, हे आमचे मुळे सर. यांना फसवता येत न्हाई. आज यांच्यासमोर सांग. चेंडू हलल्ता का?"

मला काही कळेना. मग सरांनीच सांगितलं. त्या वर्षी शेवटच्या खड्ड्यापाशी दोघं बरोबरीत होते. या खेळात प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. तुमचे फटके समोरचा खेळाडू मांडतो, आणि तुमच्या हातून चेंडू चुकून जरी हलला, तरी ते तुम्ही स्वतः सांगायचं आणि एक फटका स्वतःवर घ्यायचा. दिनकरराव चेंडूवर वाकले, मागे सरले आणि म्हणाले, "भीमा, हलला. माझा एक वाढव." सरांनी आपल्या हातानं तो वाढवला. तेवढ्याच एका फटक्यानं सर जिंकले.

"मी समोर उभा व्हतो," सर मला म्हणाले. आवाज धावड्याचा झाला होता. "मला हललेला दिसला न्हाई. अन् याला मालूम व्हतं, मी त्या साली जिंकलो नसतो तर खेळ सोडून गावाकडं मजुरीला जाणार व्हतो. यानं मला जिंकून दिलं, मुळे सर. मी जिंकलोच न्हाई."

"हलला होता," थोपटे म्हणाले. "तुझं लक्ष नव्हतं."

"माझं लक्ष व्हतं."

"अरे बाबा, म्हातारे झालो आपण. हलला होता."

म्हणजे इतकी वर्षं आमच्या शाळेत मी एकटाच संशयी नव्हतो. सुदामला गाठून गाठून विचारलेला तो प्रश्न सुदामला नव्हताच, तो या उंच, किडकिडीत माणसाला होता. ज्या खेळात कुणी कुणाला तपासत नाही त्या खेळानं सरांना वाढवलं, आणि त्याच खेळानं त्यांना अशी शंका दिली जी तपासताच येत नाही. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जी माया वाटली, ती त्यांच्या भाकरीनंही वाटली नव्हती.

मी थोपट्यांकडे पाहिलं. जन्मभर मुलांकडे पाहिलं, तसंच पाहिलं. ते सरांच्या नजरेला नजर देऊन बोलत होते. उजव्या हातानं चहा ढवळत होते. चहा बिनसाखरेचा होता. त्यांनीच मघाशी वेटरला तसं बजावलं होतं. आता बिनसाखरेचा चहा पुष्कळ लोक ढवळतात, सवयीनं. आमच्या सौ.सुद्धा ढवळतात. मी त्या चमच्याचा काही अर्थ लावलेला नाही.

परतीच्या वाटेवर नगर मागे पडलं. मग सर म्हणाले, "मुळे सर, तुम्ही इतकी पोरं पकडली. दिनकरचं तोंड बराबर पाह्यलं ना? खरं सांगा. मला वाईट वाटणार न्हाई." समोरच्या आरशात सुदामचे डोळे माझ्यावर होते.

मी म्हणालो, "सर, चेंडू हलला होता."

"पक्कं?"

"पक्कं. खोटं बोलणारा माणूस मला कळतो."

सरांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "मंग राहू द्या ते पत्रिकेवर." सुदामनं गाडीचा वेग वाढवला, आणि पहिल्याच ढाब्यावर थांबवून आम्हाला जेवू घातलं.

म्हणून वाचकहो, निमंत्रणपत्रिकेवर आणि या ग्रंथाच्या पहिल्या पानावर 'माजी विजेते' हे शब्द आहेत ते माझ्या जबाबदारीवर आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी मस्तगडला माझ्या घरी यावं. आजवर मी कुणालाही न तपासता सोडलेलं नाही, हे जालन्यात सगळ्यांना माहीत आहे.

हा लेख सर वाचतील. चमच्यापाशी थांबतील. मग चष्मा काढतील, आणि मला माहीत आहे, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना माझा संशय येईल. अवश्य यावा. काठी टेकत त्यांनी माझ्या दारात यावं आणि विचारावं, "मुळे सर, खरंच हलल्ता का?" पुढच्या वर्षी यावं, त्याच्या पुढच्या वर्षी यावं, शंभरी गाठून यावं, पाठ न दुखता, पाय न अडखळता यावं. मी चहा ठेवायला सांगेन, आणि त्यांच्या नजरेला नजर देऊन दर वर्षी हेच सांगेन: हलला होता, सर. मी हात मात्र दोन्ही मांडीवर ठेवीन.