कोर्टाने दिलेला रविवार

माझा संसार मोडला तो रीतिरिवाजामुळे. लोकांना हे सांगितलं की त्यांची निराशा होते. दारू, दुसरी बाई, मारझोड असं काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून ते खुर्ची पुढे ओढून बसलेले असतात.

आमचं घराणं कैक पिढ्या बंगळूरचं, घर चामराजपेटेत. नवरा पुण्याचा, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आईला घेऊन मल्लेश्वरमला राहायचा. बाळंतपणाला मी माहेरी आले, मुलगी झाली. आमच्या लोकांत बाळंतिणीला न्यायला नवरा येतो, तेही नारळ, साडी घेऊन, मानाने. त्यांच्याकडे मुलीला बाळासकट पोचवायला माहेरचे जातात. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाट बघत बसले. तिकडे सासूबाई वाट बघत बसल्या. सहा महिन्यांनी अण्णा म्हणाले, "त्यांना स्वल्प तरी लाज असेल, येतील." तिकडे काय म्हणत होते ते मला पुढे कोर्टात कळलं. तेही हेच म्हणत होते.

खरं सांगायचं तर आम्हा दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची आठवण आली असती, तर कोणीतरी बस पकडली असती. मला आली नाही. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले आणि मुलगी माझ्या आईच्या मांडीवर वाढू लागली.

हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा तेव्हा नवा होता, आणि तो सहज देत नसे. आधी दोन वर्षं टाकलंय हे सिद्ध करा, मग वेगळं राहण्याचा हुकूम घ्या, मग पुन्हा दोन वर्षं थांबा. बहुधा सरकारला वाटत असावं की तेवढ्यात आम्ही दमू. आम्ही दमलो नाही. पहिल्या हुकमातच कोर्टाने ठरवून दिलं की दर रविवारी सकाळी मुलीला बाप घेऊन जाईल आणि संध्याकाळी पाचला परत आणेल. ज्या माणसाला मला न्यायला येता आलं नव्हतं, तो आता कोर्टाच्या हुकमाने दर रविवारी आमच्या दारात उभा राहू लागला, तेही नारळाशिवाय. अण्णा त्याला बघून आत जात.

खरी लढाई शेवटी आली. घटस्फोट कोणालाच नको नव्हता, पण त्याच्याबरोबर बाकीचं सगळं निकालात काढायचं होतं. मुलगी पाच वर्षांची होत आली होती. पाच वर्षांपर्यंत मूल आईकडे, हे साधारण ठरलेलं. त्यानंतर कायद्याच्या नजरेत पालक बाप. त्यांनी अर्ज केला की मुलगी आता आम्हाला द्या. तोवर मी अनेक गोष्टी गेल्या तर गेल्या म्हणून सोडल्या होत्या. ही सोडणार नव्हते.

वस्तूंची वाटणी आधी झाली. दागिने माझे होते ते माझे राहिले. लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंवर मात्र दोन शिकलेले वकील दोन तारखा भांडले. सगळ्यांत जास्त एका तांब्याच्या बंबावर. नवऱ्याच्या मामाने तो पुण्याहून रेल्वेने पाठवला होता. बंब अर्धा करता येत नाही, हे दोघांनीही कायद्याचे दाखले देऊन सिद्ध केलं. न्यायाधीश म्हैसूरकडचे वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "त्यात पाणी कोणासाठी तापतं?" आमचे वकील म्हणाले, मुलीसाठी. "मग मुलीचं ठरलं की बंबाचं ठरेल," असं म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली. आता मुलीबरोबर बंबही पणाला लागला.

पोटगी मी माझ्यासाठी मागितलीच नाही, मुलीपुरती मागितली. त्यांच्या वकिलाने सांगितलं की बाई कमावते, तिला कशाला मदत हवी? आणि त्याच दमात सांगितलं की बाई दिवसभर नोकरी करते, मुलीकडे बघायला तिला वेळ नाही. मुलीला हॉटेलातली इडली खाऊ घालते, केस विंचरत नाही. मी आमच्या वकिलांच्या कानात म्हटलं, "मी कमावते म्हणून पैसे नकोत आणि कमावते म्हणून मूलही नको. मग मी कमवून काय चूक केली?"

"सरी, सरी," ते म्हणाले. आमच्यासारखेच जुने बंगळूरकर मराठी, 'बरं'ला 'सरी' म्हणणारे. "तू गप्प बस. त्यांनी साक्षीला सासूला बोलावलंय. मला तीच हवी होती."

सासूबाई नऊवारी सावरत पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांना मराठीशिवाय भाषा येत नव्हती, म्हणून कोर्टाने एक दुभाषी दिला होता. तो कोर्टातलाच कारकून, आमच्याच जातकुळीचा. त्यांचं पुणेरी बोलणं तो कानडीत करून न्यायाधीशांना सांगे, आणि सांगताना लांबलचक तक्रारींतलं पाणी आटवून टाके. त्यांच्या वकिलाच्या प्रश्नांना सासूबाईंनी पढवल्यासारखी उत्तरं दिली. मूल हडकलंय, आईचं लक्ष नाही, आमच्याकडे घर मोठं आहे. मग आमचे वकील उठले.

"रविवारी नात येते ती कशी येते, बाई?"

"कशी म्हणजे? मोटारीने थोडीच येणार? बापाबरोबर बसने."

"न्हालेली असते?"

"असते."

"वेणी?"

"असते. नको तितकी घट्ट. पोरीचे डोळे ताणले जातात."

"बरोबर काय आणते?"

"डबा."

"त्यात हॉटेलची इडली?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वकील त्यांच्या देवघरात चपला घालून शिरले होते. "हॉटेलचं असतं तर मी घरात घेतलं असतं का? माझं सोवळं आहे. थालीपीठ असतं, गुळाची पोळी असते, नाहीतर तो त्यांचा चिंचेचा भात. तिखट घालायचं कळत नाही तिला, पण घरचं असतं."

"म्हणजे तिच्या हातचं तुमच्या घरात चालतं?"

"चालतं म्हणूनच घेते."

"आणि संध्याकाळी डबा परत जातो तो?"

"रिकामा कसा पाठवणार?" हे विचारताना त्यांच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "लाडू घालते, चकली घालते. काहीच नसलं तर साखर तरी."

"म्हणजे गेली दोन वर्षं तुम्ही दर रविवारी नातीच्या आईसाठी खाऊ पाठवता."

"आईसाठी नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "डब्यासाठी."

दुभाष्याने हे एक अक्षरही न आटवता कानडीत सांगितलं. न्यायाधीशांनी तोंडावर हात धरला आणि बराच वेळ खाली बघून लिहीत राहिले. माझा नवरा छताच्या पंख्याकडे बघत होता. त्यांचा वकील फेरतपासणीला उठला आणि कागद चाळून परत बसला. सासूबाई खोटं बोलू शकल्या असत्या. पढवलेलं निम्मं खोटंच होतं. पण स्वयंपाक, सोवळं आणि रिकामा डबा यांवर खोटं बोलणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

निकालात मुलगी माझ्याकडे राहिली. मुलीपुरता खर्च बापाने द्यायचा आणि रविवार पूर्वीसारखाच बापाचा. बंब मुलीबरोबर आला. आमच्या न्हाणीघराच्या दारातून तो आत जाईना, म्हणून परसात ठेवला.

दोनेक वर्षांनी नवऱ्याने, म्हणजे जो आता नवरा नव्हता त्याने, दुसरं लग्न केलं आणि रविवार चुकवायला लागला. आधी महिन्यातून एक, मग दोन. मुलगी नवा फ्रॉक घालून दारात बसायची आणि दर पाच मिनिटांनी विचारायची. मला तिच्या फ्रॉकचं वाईट वाटायचं, आणि माझ्या रविवारचंही. आठवड्याचे कपडे, वह्यांचे ढीग आणि दुपारची झोप, सगळं मी त्याच दिवसावर टाकलेलं. मी वकिलांना जाऊन विचारलं की येत नसेल तर त्याला कोर्टाकरवी यायला लावता येतं का?

ते हसले. "अक्का, भेटायचा हक्क आहे. भेटलंच पाहिजे असा कायदा कोणी केलेला नाही."

पुढच्याच आठवड्यात सासूबाई मार्केटात फुलं घेताना दिसल्या. मी सरळ जाऊन म्हटलं, "तुमचे चिरंजीव हल्ली येत नाहीत."

"कोण म्हणतं? मला सांगतो, मुलीला बरं नाही, मुलीची परीक्षा आहे."

"ती दुसरीत आहे. तिला काही झालेलं नाही. दारात बसलेली असते."

त्यांनी मोगऱ्याचा गजरा परत टोपलीत ठेवला. "कोर्टाने सांगितलंय ना त्याला?"

"कोर्ट सक्ती करत नाही म्हणे."

"ते कोर्टाचं झालं," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालायला लागल्या.

त्या रविवारी मुलीची एकच वेणी घालून झाली होती तेव्हा तो दारात उभा होता, दाढी न करता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "किती वाजता आणून सोडू?"

"कोर्टाने पाच सांगितलंय," मी दुसरी वेणी घालत म्हटलं. "सात वाजले तरी मी तक्रार करणार नाही."