डोळ्यांनी शोधलेलं नाव

“मोटर न्यूरॉन डिसीज,” हैदराबादच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. म्हणजे शरीराला हलवणाऱ्या नसाच मरत जातात. आधी हातपाय, मग बोलणं. बरं करणारं औषध नाही.

आत बसलेल्या माझ्या नवऱ्याला आम्ही हे सांगितलं नाही. दीर म्हणाले, “वहिनी, दादाले नसांची कमजोरी हाय म्हनून सांगा. नाव आयकलं तर खचून जाईन तो.” मलाही पटलं. मावला गावातल्या आमच्या घरी जो येई त्याला मी फाटकातच पढवून आत सोडायची. दवाखान्याची फाईल ज्वारीच्या कोठीमागे लपवली.

दीड वर्षात हात गेले, बोलणं गेलं. डोळे तेवढे राहिले.

मग घरी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी आय ट्रॅकर आणला. लॅपटॉपच्या पडद्याखाली बसवायची पट्टी ती. नजर कुठे आहे ते ओळखते. अक्षरावर नजर थोडी रोखली की ते उमटतं. आता हे स्वतः काहीही शोधू शकतील, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, क्रिकेटचा स्कोअर शोधतील.

एकेक अक्षर उमटू लागलं. माझ्या ध्यानात येईपर्यंत शोधाच्या रकान्यात आजाराचं पूर्ण नाव उभं होतं. मी धडपडत उठले आणि लॅपटॉप बंद केला.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. दुपारी मी औषध घेऊन गेले, तरी उघडले नाहीत. नवऱ्याचं तोंड आपण दाबलं, हे तेव्हा कुठे या शहाणीला कळलं.

मी लॅपटॉप पुन्हा उघडून समोर ठेवला. बऱ्याच वेळाने ओळी उमटल्या.

“बंद काऊन केलं? नाव मले पयल्या दिवसापासून मालूम हाय. डॉक्टरच्या चिठ्ठीवर वाचलं होतं. तू सगळ्याईले पढवून राह्यली होती, म्हनून गप बसलो.”

ह्यांना बोलता येत होतं ते सगळे महिने आम्ही एकमेकांना फसवण्यात घालवले होते. त्याची हळहळ आजही जात नाही. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर बोलता येतंय तोवर बोलून घ्या.

ह्यांची नजर पुन्हा अक्षरांवर फिरू लागली. या वेळी मी हात आवरला. रकान्यात उमटलं: “रोग्याला उचलताना पाठ कशी सांभाळावी.”

माझी पाठ दुखते हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

फाईल आता त्यांच्या उशाशी असते. पानं मी उलटते, वाचतात ते.