पडद्यावरची नावं संपेपर्यंत

आत्यासोबत सिनेमाला जाणं ही शिक्षा होती. सिनेमा संपायचा, माणसं पांगायची, तरी ही बाई खुर्ची सोडायची नाही. पडद्यावर नावं सरकत राहायची. नायकाचे केस विंचरणाऱ्याचं, त्याच्या मदतनिसाचं, त्या मदतनिसाला जेवण पुरवणाऱ्याचं. मी कुरकुरले की म्हणायची, थांब जरा, या सिनेमांत मेलेली माणसं नावांनंतरच परत येतात.

तिला असलेच सिनेमे लागायचे. उडणारे नायक, परग्रहावरचे राजे, आभाळातून उतरलेले देव. मारामारीत तिला काडीचा रस नव्हता. ती एका वकिलांकडे टायपिस्ट होती आणि अर्धं आयुष्य प्रतिज्ञापत्रं बडवण्यात गेलं होतं. त्यामुळे मेलेला नायक दुसऱ्या भागात उठून उभा राहिला, की हिला घोर लागायचा: त्याचं घर एव्हाना पुतण्याच्या नावावर झालं असेल, त्याचं काय? यंत्रमानवाला आत्मा असेल, तर त्याला मोडणं हा खून की नुसतं नुकसान? आणि परत आलेल्याच्या बायकोने मधल्या काळात दुसरं लग्न केलं असेल, तर ती नक्की कोणाची बायको?

हा शेवटचा प्रश्न सिनेमापुरता नव्हता. माझे आतोबा एका सकाळी इस्त्री दुरुस्त करून आणतो म्हणून बाहेर पडले. ते आले नाहीत, इस्त्रीही आली नाही. पोलिसांनी शोधलं, आम्ही शोधलं, सगळे थकलो. आत्याने नवी इस्त्री घेतली नाही. कपड्यांची घडी गादीखाली ठेवायची आणि तेच चुरगळलेले कपडे घालून कामाला जायची. मला त्या इस्त्रीचा भयंकर राग यायचा. आतोबांचाही यायचा, पण तसं बोलायची घरात सोय नव्हती.

सात वर्षं उलटली. आता कोर्टाकडून त्यांना मृत ठरवून घेता येत होतं. त्याच सुमारास थिएटरच्या डोअरकीपरने आत्याला लग्नाचं विचारलं. विधुर, शांत माणूस. दर खेळाला हातात झाडू धरून दाराशी उभा राहायचा आणि मॅनेजरची बोलणी खाऊनही, आत्या बसलेली असेपर्यंत दिवे लावायचा नाही. आत्यालाही तो आवडत होता. दाराजवळ पोचायच्या आत तिचा हात केसांवरून फिरायचा, तेवढं मला पुरे होतं.

अर्ज तिने स्वतःच टाइप केला. सही मात्र होईना. उद्या ते परत आले तर, असं तिने वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, कायद्यात पुनरुत्थानाची तरतूद नाही, हुकूम रद्द करायची आहे. मग ती आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे गेली. मेलेले कसे उठतात हे त्यांनी तिला तासभर समजावलं. आत्याने विचारलं, उठल्यावर ते राहायला कुठे येणार? त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. अजून करताहेत.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पुन्हा सिनेमाला. नायकाने जगासाठी जीव दिला, बायको रडली, नावं सुरू झाली. मी सवयीने पाय पसरले. एवढ्यात आत्या उठून उभी राहिली आणि दाराकडे चालू लागली. मी पर्स, छत्री सगळं गोळा करत तिच्यामागे.

डोअरकीपर नेहमीच्या जागी होता. तो गप्प राहिला असता तर त्याचं भलंच होतं. त्याच्या जागी मी असते तर दातखीळ बसल्यासारखी उभी राहिले असते.

"बसा," तो म्हणाला. "शेवटी एक सीन आहे. तो परत येतो."

आत्याने एकदा मागे वळून पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून सुतारांची नावं चालली होती.

"येऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही दिवे लावा."

त्याने दिवे लावले. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, आणि ते रास्तच होतं.

सोमवारी आत्या सही करायला गेली, मी सोबत होते. तिच्या कपड्यांना कडक इस्त्री होती.