क्लच दाब गो चेडवा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा कमेंटमध्ये खेचायलाच येते. "झोप झाली नसेल", "रात्री काय खाल्लं होतंस?" असलं लिहिणारी ती मीच. भूत, आत्मा, संकेत... माझा कशावरच विश्वास नाही. आमचं बौद्ध घर, त्यात आई शाळेत विज्ञान शिकवायची. लहानपणी अंधाराची भीती वाटते म्हटलं की ती हातात टॉर्च द्यायची. "जा, काय आहे ते बघून ये आणि मला सांग." अशा घरात भूत टिकणार कसं?

तरीपण लिहितेय, कारण हे मी एकटीनं ऐकलेलं नाही. आईनंसुद्धा ऐकलंय.

आम्ही राहतो भांडुपला, पूर्वेला, हायवेच्या अगदी जवळ. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की मोटरसायकल घेऊन सुटते. गाडी लांबच्या प्रवासाची — उंच, जड, मागे सामानाची मोठी पेटी.

आईचा डावा गुडघा मागच्या वर्षी बदलला. ऑपरेशन छान झालं, पण आई आतून खचली होती. जी बाई शाळेच्या तीन मजल्यांवर पोरांच्या मागे धावायची, ती आता दिवसभर खिडकीत. आणि एक दिवस चहा घेता घेता म्हणाली, "करुणा, मला अजिंठा दाखव. तुझ्या गाडीवरून."

आईचं माहेर बुलढाण्याकडचं. तिथून अजिंठा म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण शाळेची सहल गेली तेव्हा हिला गोवर आला. मग लग्न, मुंबई, नोकरी, आम्ही... राहूनच गेलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थांबत थांबत जा, पाय मोकळे करत जा, काही हरकत नाही. आई इतकी खूश झाली की त्याच संध्याकाळी तिच्यासाठी हेल्मेट घ्यावं लागलं.

आणि नेमकी तेव्हाच गाडी थरथरायला लागली!

सावकाश चालवली तर काही नाही. पासष्टच्या पुढे गेलं की सुरू... खालून बारीक गुणगुण, मग हादरे. मुलुंडचा आमचा मेकॅनिक अशोक, चांगला माणूस आहे, जीव लावून काम करतो. त्यानं इंजिनाचे बोल्ट आवळले, चेन बघितली, चाकांचं बॅलन्सिंग केलं, बेअरिंग तपासली. सगळं ठीक. गाडी रस्त्यावर आणली की पुन्हा तेच. एकदा आईला घेऊन ऐरोलीपर्यंत जाऊन आले, तर उतरताना तिचे पाय बधिर झालेले. लंगडत जिना चढताना मी तिला बघितलं.

"आई, आपण कार करू या," मी म्हटलं.

"कारनं कुणीही जातं," ती म्हणाली आणि जेवायची ताटं घ्यायला उठली. विषय संपला. पण त्या रात्री तिनं भाजी परत घेतली नाही.

ठरवलं, रविवारी सकाळी शेवटचं बघायचं. तरीही थरथर राहिली तर गाडीचा बेत रद्द. माझा धाकटा भाऊ प्रशिक, त्यानं हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम आणला होता. तो त्या दिवशी पहिल्यांदाच वापरत होतो.

हायवे मोकळा होता. उजव्या हाताला मिठागरांवर कोवळं ऊन. "आई, ऐकू येतंय ना?" मी विचारलं. "अगदी कानात बोलतेयस," आई म्हणाली. आमच्या गप्पा सुरू झाल्या. कोणते कपडे, मावशीला कधी कळवायचं... काटा सत्तरवर गेला आणि खालून थरथर सुरू झाली.

आणि कानात तिसरा आवाज आला. पुरुषाचा, वयस्कर, ठसठशीत, मालवणी.

"क्लच दाब गो चेडवा."

"कोण?" मी दचकलेच. मला 'पोरी' म्हणणारा हा कोण?

"आदी क्लच दाब. कोन ता मगे इचार."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा इंटरकॉम आपल्याला लागलाय. आरशात बघितलं, एकही बाइक नाही. मागून आईच म्हणाली, "अगं दाब ना, तो माणूस एवढं सांगतोय तर!"

मी क्लच दाबला. इंजिनाचा जोर सुटला, गाडी नुसती वेगावर घरंगळत राहिली.

"हलता अजून?"

"हलतेय."

"मगे इंजिनाक कित्याक दोष दितंस? तेचो काय संबंध नाय. आता सांग, हाताक जास्ती लागता काय पायाक?"

"मला पायाला," आई मागून म्हणाली. "बुडाखालूनच येतंय हो."

"म्हंजे मागचा चाक."

"मागचं चाक चार वेळा बघून झालंय काका," मी म्हटलं. भीती वगैरे काहीच वाटत नव्हती, उलट मी वाद घालत होते! "टायर तर यंदाच नवीन टाकलाय."

"नवो म्हनान कोनी नीट बघूक नाय," तो हसला. असं खळखळून, मनापासून. "गाडी बाजूक घी. पुढे चायचो ठेलो आसा."

मुलुंडच्या सर्व्हिस रोडवर खरंच चहाचा ठेला होता. मी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक अधांतरी झालं. आई चाकाजवळ बसायला गेली, तर कानात लगेच ओरडा —

"त्यांका खाली बसव नको! डावो गुडघो नवो आसा त्यांचो."

मी आईला हाताला धरून उभं केलं. गुडघ्याबद्दल आम्ही त्या सकाळी चकार शब्द काढला नव्हता. ठेलेवाल्याकडून स्टूल घेतलं, आईला बसवलं. तो आमच्याकडे बघतच राहिला. दोन बायका, डोक्यावर हेल्मेट तशीच, आणि आई मोठमोठ्यानं म्हणतेय, "हो हो, कंगवा आहे माझ्याकडे!"

कारण आवाजानं कंगवा मागितला होता. चाकाच्या बाजूच्या लोखंडी दांड्यावर कंगवा टेकवायचा, टोक टायरच्या अगदी जवळ आणायचं, पण लागू द्यायचं नाही. आईनं तसा धरला. मी हातानं चाक हळूहळू फिरवलं. काही नाही... काही नाही... टक्.

"परत फिरव," आई म्हणाली. आवाज एकदम शाळेतल्या प्रयोगशाळेतला.

काही नाही... काही नाही... टक्. दरवेळी एकाच जागी! मी बोट फिरवलं. टायर तिथं किंचित फुगला होता. नुसत्या डोळ्यांना दिसलाच नसता.

आई स्टुलावरून उडीच मारणार होती. "सापडलं गं! सापडलं!" आम्ही हेल्मेटासकट एकमेकींना मिठी मारली, टणकन आवाज आला, आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

"अहो, तुमचं नाव तरी सांगा," आई म्हणाली.

"नाव घेवन काय करतलास? माका माशे हाडूक जावचा आसा. घरात बायल वाट बघता," तो म्हणाला. मासे आणायची घाई त्याला! "चेडवा, आवशीक सांभाळून व्हर." आईला जपून ने म्हणाला, आणि मग नुसता वारा.

गाडी हळूहळू चालवत अशोककडे नेली. त्यानं टायर उतरवला, आतून बघितला आणि डोक्याला हात लावला. आतले थर एकमेकांपासून सुटले होते. "बॅलन्सला बरोबर बसला म्हणून मी सोडून दिलं ताई," तो म्हणाला. "यावर तुम्ही मावशीला घेऊन कसाऱ्याचा घाट..." त्यानं लगेच नवा टायर टाकला. परत येताना गाडी लोण्यासारखी!

घरी येऊन प्रशिकला सगळं सांगत होतो. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला.

"आई, तुला कसं ऐकू आलं?"

"कसं म्हणजे? इंटरकॉमवरून."

"तुझ्या हेल्मेटमध्ये मी अजून काही बसवलंच नाहीये. ताईचं झालं फक्त. तुझा सेट कपाटात आहे."

त्यानं कपाटातून खोका काढला. सेट आत, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. आईच्या हेल्मेटचं अस्तर उचकटून बघितलं, आत नुसता फोम. मंडळी, सकाळभर आई माझ्याशी बोलत होती. मी तिच्याशी. आणि तो दोघींशी.

घाबरलो असू असं वाटेल तुम्हाला. आई खोका बंद करत म्हणाली, "चला, प्रयोग परत करू." संध्याकाळी तोच हायवे, तीच हेल्मेटं, सेट फक्त माझ्याच हेल्मेटमध्ये. मी बेंबीच्या देठापासून ओरडले तरी आईला फक्त वारा ऐकू आला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. तिसरा आवाज तर नाहीच. बिल्डिंगमधल्या सावंतकाकूंना आईनं त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. काकू म्हणाल्या, "मालवणी पक्की आहे, पण माणूस ओळखीचा नाही." इंटरकॉमच्या दुकानदारानं तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पुन्हा तिथं जायची सोय राहिली नाही.

अजिंठ्याला आम्ही गेलो, आता आईच्याही हेल्मेटमध्ये सेट बसवून. थांबत थांबत, पाय मोकळे करत, घाटात आई मागून मोठमोठ्यानं गाणी म्हणत. मावशी बुलढाण्याहून थेट लेण्यांपाशी आली होती, आईला हेल्मेटमध्ये बघून ती आधी घाबरली आणि मग तिनं सगळ्या बस स्टॉपला ऐकू जाईल असं "काऊन व बाई, म्हातारपणी हे काय सुचलं!" म्हणत आईचे गाल ओढले. शेवटच्या लेण्यांमध्ये तो निजलेला भव्य बुद्ध आहे ना, त्याच्यासमोर आई बराच वेळ उभी राहिली. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा मात्र सहलीला आलेल्या पोरीसारखा.

बाहेर कट्ट्यावर बसलो तेव्हा मी विचारलंच. "आई, तू विज्ञानाची बाई. काय असेल गं ते?"

ती पाणी प्यायली, तिनं बाटलीचं झाकण लावलं, समोरच्या नदीच्या वळणाकडे बघितलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि हसली.

हे दोन शब्द इतक्या आनंदानं बोललेले मी कधी ऐकले नव्हते. मलाही माहीत नाही. तुम्हाला काही सुचलं तर सांगा.