भुईमुगाभोवतीच्या साड्या

आई चैत्रात गेली. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिची पेटी उघडली आणि वही घेऊन बसले. सणाच्या साड्या एका बाजूला, गावाला जाण्यायेण्याच्या दुसऱ्या बाजूला, रोजच्या सुती तिसऱ्या. सणाच्या आत्याला, मामीला आणि वहिनीला दिल्या आणि वहीत खुणा केल्या. रोजच्या सोळा उरल्या. त्या कुणालाच नको होत्या. विरलेल्या, पदराला मातीचे डाग, काठ दोरीच्या गाठीने चुरगळलेले. मी म्हटलं, या मी नेते.

नंदुरबारला घरी आणून त्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. त्या पाण्याला मिश्रीचा, चुलीच्या धुराचा, घामाचा वास येत होता. मी ते तीनदा बदललं, मोरीत ओतलं. साड्या गच्चीवर वाळवल्या, इस्त्री केली, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवल्या. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. जडवस्तूंची नोंदवही माझ्याकडे असते. वस्तू हातात आली की स्वच्छ करायची, मोजायची, जागेवर ठेवायची, ही सवय हाडात गेली आहे. त्या दिवसांत दुसरं काही सुचतही नव्हतं.

आमचं शेत शहाद्याच्या पुढे, तापीच्या काळ्या मातीत. आता भाऊ बघतो. बहुतेक ऊस आणि कपाशी, पण नाल्याकडचा अर्धा एकर आईचा होता. म्हणजे कागदावर नव्हता, पण तिथे काय पेरायचं ते ती ठरवायची, आणि ती दर वर्षी भुईमूगच पेरायची. बियाणंही घरचंच, मागच्या वर्षीच्या शेंगांतून निवडलेलं. शेंगा भरल्या की तिचा फोन यायचा. कशी आहेस वगैरे काही नाही. "शेंगा भरन्यात. कधी येस?" एवढंच. मग मी दोन दिवसांची रजा टाकून जायची. ती ओल्या शेंगा मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि आम्ही दोघी ओट्यावर बसून दुपारभर खायचो. दिवाळीला, भाऊबीजेला जाणं वेगळं. तिथे मी पाहुणी असायची. शेंगांना जाणं हे माझं माहेर होतं.

गेली सात-आठ वर्षं या भुईमुगाच्या मागे डुकरं लागली आहेत. पूर्वी लोक म्हणायचे, रानडुकरं सातपुड्यातून उतरतात. आता ती उतरत नाहीत, इथेच राहतात. ऊस वर्षभर उभा, आत गारवा, पाणी, पिलांना आडोसा. आमच्याच शेजारच्या फडात त्यांचं घर. शेंगेत दाणा भरला की त्यांना बरोबर कळतं. रात्रीतून येतात आणि सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं.

भावाने सगळं करून बघितलं. वनखात्याच्या कार्यालयात अर्ज मीच लिहून दिला होता, सोबत फोटो, पंचनाम्याची प्रत, सातबारा, सगळं क्रमाने लावून. पंचनामा झाला, भरपाईही मिळाली, पण डुकरं होती तिथेच. मग कुणी सांगितलं, न्हाव्याकडचे केस टाका, डुकराच्या नाकात जातात. भावाने शहाद्याहून पोतंभर केस आणले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि सगळे केस शेजारच्या फुटलेल्या कपाशीत जाऊन बसले. वहिनी आठवडाभर कापसातून केस वेचत होती आणि भावाशी बोलत नव्हती. मग फटाके, मग वाघाच्या डरकाळीचा भोंगा. भोंग्याला डुकरं चार दिवस घाबरली, गावातली कुत्री महिनाभर. पलीकडच्या शेतकऱ्याने सौर झटक्याचं कुंपण केलं, तेव्हा तिकडची डुकरंही आमच्याकडे वळली. एकदा भाऊ म्हणाला, घरच्या लाइनीवरून तारेत करंट सोडतो. आईने त्याला असं झापलं, की पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. पहाटे पाणी धरायला जाणारा माणूस त्या तारेला चिकटेल, तुझाच सालदार चिकटेल, असं ती म्हणाली होती.

आईचा स्वतःचा उपाय एकच, साड्या. उसाची बाजू आणि नाल्याची बाजू, दोन्हीकडे बांबू रोवून दोरीला साड्या आडव्या बांधायच्या. आमच्या भागात बरेच लोक बांधतात. मला त्या साड्यांची लाज वाटायची. एकदा रस्त्यावरून दिसल्या तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "आई, निदान धुतलेल्या तरी बांध. लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "लोकेसकरता नही वं बांधेल, डुकरेसकरता शे."

मी हसले आणि विसरून गेले. धुतलेल्या का नाही, हे विचारलं नाही.

या वर्षी भुईमूग पेरणार का, हे मी भावाला आषाढात घाबरतच विचारलं. तो म्हणाला, "माय बी निवडी ठेवी गयी, म्हनीसन पेरं. पन हाई आखरी. डुकरे खाई गयात, ते पुढला साल तठे कपाशी." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अर्ध्या एकरासाठी रोज राखण कोण करणार? पण कपाशी लागली, की मला फोन करायला कारण राहणार नव्हतं. भाऊ चांगला आहे. तो बोलावणार नाही असं नाही. पण बोलावणं आणि काम असणं यात फरक आहे. आई गेल्यावर मुलीला कळतो.

भाद्रपदाच्या शेवटी त्याचा फोन आला. "ताई, मायन्या जुन्या साड्या तुन्हाकडे शेतस ना? लई ये. शेंगा भराले लागन्यात, नि डुकरे उसमा शेतस."

मी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास भपकन आला. म्हटलं, हा वास घेऊन शेतात कुठे जायचं? परत एकदा धुतल्या, इस्त्री केली. नायलॉनची नवी दोरी घेतली, चिमटे घेतले, शनिवारची सकाळची बस पकडली. दुपारपर्यंत सोळाही साड्या बांधून झाल्या. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर, काठ खाली, कुठे सुरकुती नाही.

भाऊ बांधावर येऊन बघत राहिला. "ताई, भुईमूग शे का कोनं लगन शे?"

"इस्तरी बी करेल शेतस!" वहिनी म्हणाली. तिने एका साडीला हात लावून बघितला आणि मग तोंडाला पदर लावून हसत सुटली.

मला बरं वाटलं होतं. वाऱ्याने साड्या फुगत होत्या. निळी आईने गहू निवडताना नेसलेली, हिरवी बाजारातून आणलेली, तिच्यावरून दुकानदाराशी भांडण झालेलं. प्रत्येक साडीत मला आई दिसत होती आणि एकीतही तिचा वास नव्हता. तो का नाही, हा प्रश्न तेव्हाही माझ्या डोक्यात आला नाही.

सोमवारी सकाळी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा भाऊ शेतातून आला. पाय चिखलाने भरलेले. "चल, दखाडस तुले," म्हणाला.

उसाकडचा कोपरा उकरलेला होता. वेल उपटून फेकलेले, शेंगा चघळून टरफलं थुंकलेली. तीन साड्या खाली पडल्या होत्या. निळी चिखलात तुडवलेली, तिच्यावर खुरांचे ठसे. चिमटे जागच्या जागी होते. बाकीच्या तेरा साड्या, मी बांधल्या तशाच समान अंतरावर, डुलत होत्या.

"मी म्हनेल व्हतं," भाऊ हळूच म्हणाला. त्याला मला दुखवायचं नव्हतं, म्हणून तो शेंगांकडे बघत होता. "पुढला साल कपाशी."

"अजून निम्म्याच्या वर उभं शे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

तेवढ्यात मावशी आली. मावशी म्हणजे अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली बाई. दर वर्षी निंदणीला उतरते, कापूस वेचून होईपर्यंत आमच्या विहिरीजवळच्या झोपडीत राहते. तिच्या घरची बोली वेगळी, पण आमच्याशी ती अहिराणीतच बोलते. आईबरोबर तिने याच वावरात वीस-बावीस वर्षं काढली होती. तिने उकरलेला कोपरा बघितला, मग निळी साडी उचलली, चिखल झटकला आणि साडीचा कोरडा भाग नाकाशी नेला.

"हाऊ ते दुकानना वास शे," ती म्हणाली. "धुई टाक्यात?"

"दोनदा," मी म्हटलं.

मावशीने कपाळावर हात मारला. "ओ माय वं! तुन्ही माय अंगवरनं लुगडं बांधे. दिनभर नेसे, घाम गळे, मंग सांजले बांधे. दुसरं काढे, धुये, ते सकायले नेसे. रोज एक. डुकरेसले मानुसना वास लागस. रंग कोन देखस?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. "माले बी म्हाईत नव्हतं," तो म्हणाला.

ते मला जास्त लागलं. तो तिच्याबरोबर राहत होता, त्यालाही माहीत नव्हतं. आई रोज संध्याकाळी एक साडी सोडून दुसरी बांधते, हे सगळ्यांनी बघितलं होतं. सगळ्यांना वाटायचं, म्हातारीचा चाळा आहे. मी तर तो चाळा बादलीत धुऊन मोरीत ओतला होता. त्या सोळा साड्यांमध्ये तिचं अंग होतं. डुकरांनासुद्धा ते कळलं असतं.

रडायला मला वेळ नव्हता, म्हणजे तसं मी ठरवलं. कार्यालयात फोन करून पंधरा दिवसांची अर्जित रजा सांगितली. मग मावशीला विचारलं, एका बाईने एक साडी नेसून पुरे होईल का? ती म्हणाली, आईच्या साड्यांत वर्षानुवर्षांचा वास मुरलेला होता, या धुतलेल्या, आणि लांबी मोठी आहे, तिघी लागतील. म्हणून तिघी. मी, वहिनी आणि मावशी.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी आईच्या साड्या नेसून वावरात उतरायचो. कार्यालयात मी पंजाबी ड्रेस घालते. इतक्या वर्षांनी रोज सुती साडी, ती खोचून वाकायचं, पाठ अशी भरून यायची की रात्री कूस बदलता येत नव्हती. तण काढलं, बांध साफ केला, कपाशीत गेलो. मुद्दाम ऊन अंगावर घेतलं. घाम कमी आला तर मावशी टोमणा मारायची, "पंखाखाले बसनारी बाई, तुन्हा काय वास येई!" संध्याकाळी तिन्ही साड्या सोडून बांधायच्या, घरी जाऊन न्हाऊन दुसरं काहीतरी नेसायचं. चिमटे मी काढून टाकले. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे गाठी मारल्या, वेड्यावाकड्या.

पहिल्या दिवशी आम्ही तिघी ओळीने खाली वाकलेल्या असताना भाऊ पाणी धरून आला. बांधावर उभा राहिला. मग म्हणाला, "तीन-तीन माय व्हई गयात मन्ह्या."

"मंग ऐका आते तिन्हीसनं," वहिनी मान वर न करता म्हणाली.

तो हसला, पण लगेच वळून नाल्याकडे गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं.

पुढचे दोन दिवस डुकरं आली. मग एक दिवस खुरांचे ठसे बांधापर्यंत येऊन परत फिरलेले दिसले. मावशीने ते मला बोटाने दाखवले. त्यानंतर कधी यायची, कधी नाही. पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही. नाल्याच्या बाजूने एकदा पुन्हा घुसली. पण रोजचं उकरणं बंद झालं.

एका संध्याकाळी हिरवी साडी बांधताना मी तिचा पदर नाकाशी धरला. मी सारखी तेच करत होते, कुणाचं लक्ष नसताना. मिश्री नाही, चूल नाही. मातीचा आणि घामाचा वास होता, आणि घाम माझाच होता. मी ती साडी बांधली. दोन गाठी मारल्या.

रजा संपायच्या आत भुईमूग काढला. जवळजवळ एक तृतीयांश गेला होता, आणि उरलेल्या वेलांनाही या वर्षी शेंगा कमीच धरल्या होत्या. उरलेल्या शेंगा अंगणात पसरल्या, चांगल्या वाळल्या, तेव्हा भाऊ पोतं घेऊन बसला. भरलेल्या, दोन दाण्यांच्या, टणक अशा निवडून एक पोतं झालं, वर थोड्या उरल्या. त्यातल्या निम्म्या पोचट.

"बी ठेवाले एवढं लागस," तो म्हणाला. "खावाले काही उरत नही." मग पातेल्याकडे बघून, "शिजाडसूत का या उरेल?"

पातेलं तिथेच पालथं होतं. वाळलेल्या शेंगा शिजवल्या तरी त्यांना ओल्यांची चव येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"नको," मी म्हटलं. "त्यातल्याही निवड. बी कमी पडायला नको."

त्याने मान हलवली आणि उरलेल्यांतून निवडायला लागला. मग खाली बघतच तो म्हणाला, "मंग पुढला साल कधी येशी?"

असा प्रश्न मला या घरात आजवर एकाच माणसाने विचारला होता.

"शेंगा भरल्या की," मी म्हटलं.

"आधी ये. पंधरा दिन."

"महिनाभर येते."

"म्हैनाभर नको," तो म्हणाला, "तुन्ही वहिनी पयी जाई."

आतून वहिनीने काहीतरी सुनावलं, ते नीट ऐकू आलं नाही. त्याने पोत्याचं तोंड सुईने शिवलं आणि आम्ही ते माळ्यावर चढवायला घेतलं. पोतं जड होतं. खालून मी धरलं, वर शिडीवरून तो ओढत होता, आणि दोघांनाही धाप लागली. आई हे दर वर्षी एकटी चढवायची. कसं, ते आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.