शेवटच्या कडव्यातलं नाव

खर्रा चघळणारा माणूस शेजारी येऊन बसला की मी आजही उठून दुसरीकडे बसते. त्यात बिचाऱ्या सुपारी-तंबाखूचा काय दोष! दोष त्या गायकाचा, जो आमच्या घरी खर्रा चघळत बसला आणि माझ्या आईचं गाणं उचलून घेऊन गेला.

आम्ही कामठी रोडवरच्या वस्तीत राहायचो. आई दिवसभर विड्या वळायची आणि वळता वळता गाणी रचायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं डोक्यात. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी ती पांढरं लुगडं नेसून सासूबरोबर कन्हानहून पायी नागपूरला आली होती, त्यावर तिनं एक गाणं केलं होतं. रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही आमच्याकडची रीत. बाप्ये घालतात, म्हणून आईनंही घातलं. बाकी जगात ती कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी माय होती. तिचं स्वतःचं नाव असलेली जागा ती एवढीच.

हा गायक मोठ्या गायन पार्टीचा मालक. "माय, तुझं गाणं लाऊडस्पीकरवर म्हणतो, साऱ्या नागपूरले ऐकवतो," म्हणाला. आई हरखून गेली. चहा झाला, पोहे झाले. तिनं पुन्हा पुन्हा गाऊन दाखवलं, त्यानं उतरवून घेतलं.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या संध्याकाळी आम्ही स्टेजपुढेच बसलो. गाणं रंगलं. शेवटचं कडवं आलं तसा आईनं माझा हात घट्ट धरला. आणि तिच्या नावाच्या जागी त्या मेल्यानं आपलं नाव घातलं! लोकांनी टाळ्या पिटल्या. आईचा हात तसाच माझ्या हातात राहिला.

मी तिला ओढतच स्टेजमागे नेलं. "माह्या मायचं नाव काहून काढलं?" मी विचारलं.

"पोरी, गाणं समाजाचं असते," तो म्हणाला. "तुही माय काय समाजाहून मोठी झाली का?"

"समाजाचं आहे, तर तुमचं नाव कशाले घातलं?"

तो हसला. बाजूला पचकन थुंकला. "बाईचं नाव पार्टीत शोभत नाही," म्हणाला. शी! असली किळस मला उघड्या गटाराचीही कधी आली नाही.

पुढे टेपरेकॉर्डर आले आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर त्या गाण्यासकट त्याची कॅसेट विकायला आली. वर त्याचा कोट घातलेला फोटो. गीत त्याचं, चाल त्याची, गायनही त्याचं. आणि खाली छापलेलं: सर्व हक्क राखीव, नक्कल करणे गुन्हा आहे. वा रे वा! बळकावलेल्या घराला यानं स्वतःचं कुलूपही ठोकलं. मी कॅसेट घेऊन वकिलाकडे गेले. तो म्हणाला, तुमच्या आईजवळ लिहिलेलं काही आहे का? पुरावा म्हणून मी आईचं तोंड पुढे करणार होते की काय!

त्यानंतर वस्तीत एका बारशाला बायांनी तेच गाणं धरलं. आईही गात होती. शेवटच्या कडव्यात तिनं आपलं नाव घेतलं आणि बाकी साऱ्यांनी त्याचं. सूर अडखळला. नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून हसली.

"मावशी, चुकल्या वं तुम्ही. कॅसेटमंधी असं नाही."

हे गाणं आईजवळ बसून पाठ केलेल्या बाया तिथंच होत्या. एकीनं तोंड उघडलं असतं तर! सगळ्या पाळण्याकडे बघत राहिल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बोलणार, तेवढ्यात आईनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"हो वं बाई, चुकलीच मी," ती म्हणाली. आणि तिनं ते कडवं पुन्हा म्हटलं, मोठ्या आवाजात, त्याचं नाव घेऊन.